हिवाळ्यात घर उबदार ठेवताना या चुका टाळा

थंडी पडली की आपण आधी मोठा हीटर शोधायला निघतो. घरातली ऊब कुठून निसटतेय, हे मात्र कुणी बघत नाही. खर्च वाढतो तो इथेच.

वारा असेल त्या दिवशी पंखे बंद करा आणि पेटती उदबत्ती खिडक्यांच्या कडांनी, दाराच्या उंबऱ्याशी सावकाश फिरवा (पडदे आधी बाजूला बांधा). धूर सरळ वर गेला तर ठीक. जिथे तो एकदम आडवा पळतो, तिथे फट आहे. छताजवळ आणि माळ्याच्या झाकणापाशीही बघा, ते हमखास राहून जातं. गरम हवा वर चढून वरच्या फटींतून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा आत ओढली जाते. हीटर चालू असूनही पाय गारठतात ते बऱ्याचदा यामुळेच. खिडकीला फोमची चिकटपट्टी आणि दाराखाली जुन्या चादरीची घट्ट गुंडाळी एवढ्यानेही फरक जाणवतो. फक्त गॅसची शेगडी किंवा गॅस गिझरसाठी ठेवलेली हवेची जाळी कधीही बुजवू नका.

हीटरचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारं बटण, २८ वर नेला म्हणून खोली लवकर तापत नाही. साधा हीटर २० वरही तेवढ्याच जोराने चालतो. तो आकडा फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात किमान १८ अंश सेल्सिअस सुचवते. म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना त्याहून थोडं जास्त लागतं, तिथे काटकसर करू नका.

‘कमी विजेत जास्त ऊब’ अशा जाहिरातींना भुलू नका. १५०० वॅटचा हीटर तेलाचा असो, पंख्याचा असो की सळईचा, पूर्ण जोरात तासाला दीड युनिटच खाणार आणि तेवढीच ऊब देणार. अपवाद हीट पंपाचा, म्हणजे गरम हवा देणाऱ्या एसीचाही. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे एका युनिटमागे साधारण दोन ते चार युनिटांइतकी ऊब मिळते.

ओले कपडे खोलीत वाळत घालणं आणि मग ऊब जाईल म्हणून खिडकी न उघडणं ही चुकांची जोडगोळी. सकाळी काचेवर पाण्याचे थेंब दिसले की समजा, तीच ओल कपाटामागच्या गार भिंतीवरही बसतेय. तिथे बुरशी धरते. काच पुसून घ्या, समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा आणि बंद करा. तेवढ्या वेळात हवा बदलते, भिंती मात्र फारशा गार होत नाहीत.

घरात गरम पाणी फिरणारा रेडिएटर असेल आणि तो खाली गरम, वर गार लागतो? आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून तो गार होऊ द्या, मग वरचा छोटा व्हॉल्व्ह किंचित सैल करा. फुसफुस थांबून पाणी दिसलं की आवळा.

आता सगळ्यात घातक चूक. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. कोळशाची शेगडी घरात आणूच नका, विझत आलेली तर नाहीच, कारण धुमसते निखारेही हा वायू सोडतात. घरात काहीही जळत असताना डोकं जड झालं, मळमळलं, दोघा-तिघांना एकदमच गरगरलं, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि तिथूनच मदतीला फोन करा.