टॅबलेटचा तापणारा कोपरा: माझा अनुभव

माझ्या जुन्या टॅबलेटवर व्हिडिओ कॉल सुरू केला की थोड्याच वेळात पाठीचा एकच कोपरा चटका बसेल इतका तापायचा आणि चित्र अडखळू लागायचे. झाकण उघडले, तेव्हा प्रोसेसरवरची, उष्णता पसरवणारी काळी ग्राफाइट शीट फाटून तिचा जेमतेम नखाएवढा तुकडा उरलेला दिसला. नवी शीट मी आधी प्रोसेसरपुरतीच कापली, आणि तिथेच चुकलो. तांब्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला सुमारे ४०० वॅट असते, तर चांगल्या कृत्रिम ग्राफाइट शीटची पृष्ठभागाच्या दिशेने १५०० च्या आसपास भरते. मात्र जाडीच्या दिशेने ती फारच कमी असल्याने, शीट दूरवर पसरलेली नसेल तर तिचा खरा गुण वायाच जातो. म्हणून दुसऱ्या वेळी शीट धातूच्या चौकटीपर्यंत नेली, बॅटरीवर मात्र मुद्दाम येऊ दिली नाही. ग्राफाइटमधून वीजही वाहते, त्यामुळे कापलेल्या कडांवरून सुटणारा कण शॉर्टसर्किट करू शकतो. त्या कडा मी पॉलिइमाइड टेपने (उष्णता सोसणाऱ्या, वीजरोधक चिकटपट्टीने) बंद केल्या. आता तासाभराच्या कॉलनंतर सगळी पाठ सारखी कोमट लागते आणि चित्र अडखळत नाही.