मृगाआधी वावराचा ढाळ मोजून घ्या

नागपूरकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण माती नेतात त्यातल्या चार-सहा धुवाधार सरी. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर एकरावर 2 लाख लिटर पाणी पडतं. तेवढाच पाऊस दोन दिवस झिमझिम आला, तर वावर बहुतेक पिऊन घेतं. जूनच्या सरींचा धोका जास्त, कारण तेव्हा रान वखरून मोकळं असतं आणि कपाशीचे तास, म्हणजे ओळी, पानांनी झाकायला पुढे कितीतरी आठवडे लागतात.

काटोल-नरखेडकडे मोठ्या सरीनंतर संत्र्याची खोडं बघा. पांढऱ्या-निळ्या बोर्डोपेस्टवर (मोरचूद-चुन्याच्या लेपावर) गुडघ्यापर्यंत चिखलाचे शिंतोडे असतात. ती थेंबानं उडवलेली माती; ढाळावर तिचा जास्त वाटा खालच्या अंगालाच पडतो. नुसता 1 मिलिमीटर थर गेला तरी एकरी 5 टनांच्या आसपास माती गेली. डोळ्याला कळतही नाही.

ढाळ 2 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर गेला की धूप चौपटीहून जास्त होते. तास लांब असेल तर पाण्याला पळायला आणखी जागा. म्हणून आधी मोजा. गवंड्याची पाण्याची नळी आणि दोन काठ्या पुरेत. 100 फुटांत 3 फूट उतार म्हणजे 3 टक्के.

पेरणी ढाळाला आडवी करा. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास आवडतात, वळणं कमी पडतात, डिझेल वाचतं. त्याच्यावर सोडलं तर तो ढाळाच्याच दिशेनं पेरून मोकळा होतो. तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून दिशा तुम्हीच दाखवा. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्या. कपाशीत डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी डवऱ्याच्या जानोळ्याला, म्हणजे पास धरणाऱ्या दांड्याला, दोरी गुंडाळली की आयत्या सऱ्या पडतात, खर्च जवळपास शून्य.

बरड, मुरमाड रानात सऱ्या अगदी समपातळीत चालतात. भारी काळ्या जमिनीत मात्र तसं करू नका, पाणी साचून तूर उबळते, म्हणजे उभी सुकते. तिथे सरीला किंचित उतार ठेवून पाणी गवत असलेल्या नालीत सोडा.

बागायतदारांना एक सांगतो, थोडं कडू लागेल. पावसाळ्यात तणनाशक मारून चकाचक केलेली उताराची बाग मला तरी बघवत नाही. आळ्यातलं तण काढा, दोन ओळींमधलं गवत कापून तिथेच पसरा.

धुरा फुटतो तो बहुतेक उंदरांच्या बिळाशी नाहीतर बैलगाडीच्या वाटेशी. तिथली माती आत्ताच धुम्मसानं ठोकून घ्या, वर वाळा गवत लावा. पहिली मोठी सर ओसरली की फावडं घेऊन वरच्या धुऱ्यापासून खाली चालत या. वरची घळ बोटभर असतानाच बुजते.