माणग्याचं धनुष्य: दोन्ही पाती सारख्या वाकेपर्यंत

बांबूच्या धनुष्याचा आकार काढणं एका रविवारचं काम आहे, कोयता नि रंधा हाताळता येत असला की झालं. खरं काम त्याच्यानंतरचं, लाकडाला सारखं वाकायची सवय लावायचं, आणि बहुतेक धनुष्यं तिथेच मोडतात. माझं पहिलं ऑगस्टमध्ये मोडलं, 22 इंच ओढल्यावर एका पेराच्या बाजूला काडकन. तेव्हापासून मी हे काम पावसात करत नाही.

आधी बांबूचं. आमच्याकडे गोव्यात सत्तरीत, डिचोलीत, वर सिंधुदुर्गातही माणगा जातीचा बांबू मिळतो, तो बुडाकडे जवळजवळ भरीव असतो म्हणून मी तोच घेतो, पोकळ बांबूची भिंत पातळ पडते. तीन-चार वर्षांची जून काठी हवी, पाऊस संपल्यावर तोडलेली, कारण तेव्हा आतली साखर कमी असते आणि पावडर पाडणारा किडा कमी लागतो. मधोमध फाडून पडवीत सावलीत ठेवा, उन्हात नको, तडे जातात. सुकलाय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, दर आठवड्याला वजन करा, वजन उतरायचं थांबलं की सुकला. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल 90 टक्क्यांच्या आसपास असते, ओला बांबू वाकवला की वाकलेलाच राहतो, परत सरळ होत नाही. डिसेंबर ते मार्च हा आपला सीझन.

मापं साधी आहेत. 28 इंच ओढणार असाल तर लांबी 68 इंच ठेवा, मधे 4 इंच मूठ जाड नि न वाकणारी, मुठीच्या पुढे दीड इंच रुंदी, टोकाला अर्धा इंच. काठीचं बूड खालच्या पातीला घ्या (वरच्या नि खालच्या वाकणाऱ्या भागाला मी पात म्हणतो). बांबूची हिरवी साल ही पाठ, तुमच्यापासून लांबची बाजू. तिला अजिबात हात लावायचा नाही!! सगळा जोर सालीजवळच्या दाट धाग्यांवर असतो, तो धागा कापला की तिथूनच चिरणार, पेरांची कड पॉलिशपेपरने थोडी गोल केली तर चालतं, बाकी सगळं तासायचं ते पोटाच्या बाजूने, आतून.

आता एक हिशोब नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. रुंदी 10 टक्के कमी केली तर ताकद तेवढीच कमी होते, पण जाडी 10 टक्के कमी केली तर ताठपणा जवळजवळ 27 टक्के उतरतो, कारण जाडीचा परिणाम घनाने होतो. म्हणून सुरवातीला रंधा चालेल, पण वाकायला लागलं की कानस, आणि शेवटी नुसता काचेचा तुकडा नाहीतर खरवडायची पट्टी. आमच्या वाड्यावरचे मेस्त (सुतार) दाराच्या चौकटीला पण हेच सांगतात, सवकास, म्हणजे सावकाश. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

पहिल्यांदा टोक जमिनीवर टेकवा, मूठ धरून हळूच दाबा आणि पात कशी वाकते ते बघा, मग उलट करून दुसरी. दोन्ही थोड्या वाकायला लागल्या की टोकांना खाचा पाडून लांब दोरी लावा, धनुष्यापेक्षा थोडी लांब, सैल लोंबणारी. मासेमारीचा नायलॉन वापरू नका, तो ताणतो आणि सगळी मापं खोटी येतात, डॅक्रॉनचा (एक प्रकारचं पॉलिएस्टर) धागा चांगला. मूठ भिंतीवरच्या खुंटीवर ठेवायची, दोरीला दुसरा दोर बांधून तो खालच्या पुलीतून घेऊन आपण लांब उभं राहून ओढायचा, मागे भिंतीवर आडव्या रेघा मारलेल्या असल्या की कुठली पात मागे राहते ते लगेच दिसतं. लांब उभं राहायचं कारण मोडलं तर तुकडा तोंडावर येतो, चष्मा पण घाला.

जिथे वाकत नाही तिथेच तासायचं. जिथे जास्त वाकतं तिथे हात लावायचा नाही, कितीही मन झालं तरी. डोळा फसतो म्हणून 6 इंचाचा सरळ लाकडी ठोकळा घ्या, मधे भोक पाडून पेन्सिल बसवा. धनुष्य थोडं ओढून धरायला कुणालातरी सांगा आणि ठोकळा पोटावरून सरकवत न्या. पेन्सिल इतकी बाहेर ठेवा की जास्त वाकलेल्या ठिकाणी ती टेकणार नाही, ताठ ठिकाणी रेघ उमटेल. रेघ तेवढी खरवडा, मग 20-30 वेळा थोडं थोडं ओढून सोडा, दोरी हातातून न सुटता, तेव्हाच लाकडाला बदल कळतो. परत रेघ, परत खरवडणं. पेरांजवळ बांबू मुळातच ताठ असतो, तिथे अंगठ्याएवढी जागा थोडी जाड सोडा, पेराच्या अगदी बाजूला खड्डा पडला की तिथेच बिजागरी होते, माझं तिथेच मोडलं होतं.

दोन्ही सारख्या झाल्या की छोटी दोरी चढवा, मूठ आणि दोरीत 5-6 इंच अंतर, हाताची मूठ वळून अंगठा वर केला की तेवढंच होतं. आता हुकाचा वजनकाटा लावून बघा, मासे तोलायचा असतो तो चालतो. पूर्ण 28 इंच ओढल्यावर 30 पाउंड पाहिजे म्हणजे साधारण साडेतेरा किलो. पाहिजे त्या वजनापेक्षा जास्त कधीच ओढायचं नाही, 20 इंचावरच साडेतेरा किलो झाले तर थांबा नि परत खरवडा. शेवटी दोन-तीन पाउंड जास्त ठेवा, पॉलिशपेपर आणि पहिल्या शंभर बाणांत तेवढं उतरतंच. खालची पात किंचित ताठ असावी, वरच्या बाजूला मूठ ते दोरी अंतर पाव इंच जास्त भरलं की बरोबर.

पोट कमजोर वाटलं तर करवंट्यांच्या निखाऱ्यावर हळूहळू शेका, चहासारखा रंग येईपर्यंत, साल जळू द्यायची नाही, आणि शेकल्यावर तीन दिवस हात लावायचा नाही, सुकं लाकूड ठिसूळ असतं. दोरी काढल्यावर एक इंच वाक राहिला तर ठीक आहे, दोनच्या वर गेला तर लाकूड ओलं होतं किंवा एकाच जागी जास्त वाकलं.

वरून जवसाचं तेल, तीन-चार हात, मधे दिवसभर सुकवून. खोबरेल लावू नका, ते सुकतच नाही, हात चिकट राहतात. बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नका. आणि हे फक्त निशाणासाठी, रानात शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, गवताच्या पेंढीवर मारा, मागे माणूस, गुरं कुणी नाही हे बघून. माझं आत्ताचं 32 पाउंडचं आहे, दोन पावसाळे काढलेत, दोरी काढून आडवं दोन खुंट्यांवर ठेवतो.