सर्किट चालत नाही? आयसी बदलण्याआधी या चुका टाळा

घरी इलेक्ट्रॉनिक्स शिकायला बसलेल्या बहुतेकांचा पहिला आयसी (चिप) ५५५ असतो, म्हणजे ठरावीक वेळाने आउटपुट चालू-बंद करणारा टायमर. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली तो आखला, सिग्नेटिक्स कंपनीने पुढच्या वर्षी बाजारात आणला. पुण्याची तापकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, आजही तो थोडक्या रुपयांत सहज मिळतो. त्यावरचं पहिलं सर्किटही ठरलेलं: सेकंदाला एकदा लुकलुकणारा एलईडी.

तो पहिल्या फटक्यात लुकलुकला तर उत्तम. नाही लुकलुकला, तर खरी गडबड तिथून सुरू होते. आधी आयसी बदलला जातो, मग एलईडी, मग कपॅसिटर, आणि शेवटी सगळं उपटून नव्याने मांडलं जातं. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नवा ५५५ दुकानातूनच खराब निघणं फार क्वचित घडतं. घरच्या सर्किटमधला दोष बहुतेक वेळा इतकाच असतो की सप्लाय (बॅटरीचा प्लस) किंवा ग्राउंड (बॅटरीचा मायनस) जिथे पोचायला हवा तिथे पोचलेला नसतो. म्हणून काहीही बदलण्याआधी मोजायचं. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजायचं यंत्र, ही चैन नाही. तो पहिल्या एलईडीबरोबरच विकत घ्या, साधा स्वस्तातला चालेल.

उदाहरणाला हेच सर्किट घेऊ. ९ व्होल्टची बॅटरी. पिन ८ ला प्लस, पिन १ ला ग्राउंड. पिन ४ थेट पिन ८ ला जोडलेली. पिन ८ आणि ७ मध्ये १ किलोओहम, पिन ७ आणि ६ मध्ये ६८ किलोओहम. पिन २ आणि ६ एकमेकींना जोडलेल्या, आणि तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिन ५ वरून ग्राउंडला १०३ लिहिलेला छोटा कपॅसिटर. पिन ३ वरून ४७० ओहम, पुढे एलईडी, मग ग्राउंड.

ब्रेडबोर्डवरच्या चुका

ब्रेडबोर्ड म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायचा भोकांचा बोर्ड. त्याच्या मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात. आयसी त्या खाचेवर आडवा बसला पाहिजे. तो एकाच बाजूला बसवला, तर त्याचे समोरासमोरचे पाय आपसात शॉर्ट होतात. आयसीवरची छोटी खाच असलेली कड डावीकडे धरली की खालच्या रांगेतली डावीकडची पहिली पिन १. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं.

खरा दगा देते ती कडेची सप्लायची पट्टी. मोठ्या ब्रेडबोर्डपैकी अनेकांवर ही पट्टी मध्यावर तुटलेली असते. वरची लाल-निळी रेघही तिथे खंडित दिसते, पण लक्ष जात नाही. बॅटरी डाव्या अर्ध्याला, सर्किट उजव्या अर्ध्यात, आणि मग सगळं निपचित. बोर्ड नवा आणला की मल्टिमीटर बीपवर ठेवून पट्टीच्या दोन टोकांना प्रोब लावा. आवाज आला नाही तर मध्ये एक छोटी वायर टाका आणि ती कायमची तिथेच राहू द्या.

दुसरी गोष्ट आयसीच्या पायांची. नव्या आयसीचे पाय किंचित बाहेर फाकलेले असतात. तसाच दाबला तर एखादा पाय भोकात न जाता पोटाखाली दुमडतो, आणि वरून पाहिलं तर आयसी अगदी व्यवस्थित बसलेला दिसतो. दाबण्याआधी पायांची एक रांग टेबलाच्या पृष्ठभागावर टेकवून हलकेच आत वळवा, मग दुसरी. आणि व्होल्टेज मोजताना प्रोब शेजारच्या भोकातल्या वायरला लावू नका, आयसीच्या पायाला, तो अंगातून बाहेर येतो तिथेच टेकवा. वायरवर ९ व्होल्ट आणि पायावर शून्य, असं दिसलं की दोष सापडलाच.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर उघडा पडलेला ब्रेडबोर्ड आणि गंजलेल्या टोकांच्या जंपर वायरी यांच्यावर विसंबू नका. बोटाने दाबलं की चालतं आणि सोडलं की बंद, असं होत असेल तर दोष याच जोडांत आहे.

सर्किट काय सांगतंय ते मोजून ऐका

काळा प्रोब ग्राउंडला लावून तिथेच ठेवा. लाल प्रोब एकेका पायावर फिरवा. बॅटरी ताजी असेल तर पिन ८ आणि पिन ४ वर ९ व्होल्टच्या आसपास, पिन १ वर शून्य, पिन ५ वर सहाच्या आसपास दिसायला हवं. पिन ५ वर सप्लायच्या दोन तृतीयांश व्होल्टेज असतं, कारण ५५५ च्या पोटात सारखे तीन रेझिस्टर एकापुढे एक लावलेले असतात. तिथे सहा दिसले तर आयसीला सप्लाय आणि ग्राउंड दोन्ही मिळताहेत, हे पक्कं.

आता पिन ६. इथला कपॅसिटर ३ व्होल्टपासून ६ व्होल्टपर्यंत भरतो आणि परत ३ पर्यंत रिकामा होतो, हाच त्या लुकलुकण्यामागचा झोका. पण सेकंदाला एकदा होणारा हा चढउतार साध्या मल्टिमीटरला नीट पकडता येत नाही, आकडे नुसते नाचतात. म्हणून तपासणीपुरता १० च्या जागी १०० मायक्रोफॅरड लावा. आता एक फेरी नऊ-दहा सेकंदांची होते आणि मीटरवर ३.१, ३.६, ४.२ असा कपॅसिटर भरताना डोळ्यांसमोर दिसतो. सहा गाठताच आकडा उतरू लागतो आणि एलईडी विझतो. नवशिक्याने हे एकदा तरी निवांत बसून पाहावंच. ५५५ कसा चालतो हे पानभर वाचूनही जे डोक्यात शिरत नाही, ते इथे दोन फेऱ्यांत उमगतं.

हा झोका अडकला असेल तर तो कुठे अडकलाय यावरून दोष कळतो. पिन ६ शून्यावर आणि एलईडी सतत पेटलेला: कपॅसिटरपर्यंत करंटच येत नाही, म्हणजे दोनपैकी एक रेझिस्टर भलत्या भोकात आहे किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे. पिन ६ थेट ९ च्या जवळ आणि एलईडी विझलेला: कपॅसिटर रिकामा व्हायचा रस्ता बंद आहे, पिन ७ चं कनेक्शन पाहा. पिन ३ वर व्होल्टेज चढउतार करतंय पण एलईडी गप्प: आयसी निर्दोष आहे, एलईडी उलटा आहे किंवा ४७० ओहमपाशी काहीतरी सुटलंय. पिन ३ वर पूर्ण ९ दिसणार नाहीत, साडेसातच्या आसपास दिसतील. साध्या ५५५ मध्ये तेवढी घट होतेच, तो दोष नव्हे.

एक फसवं प्रकरण राहिलं. एलईडी सतत पेटलेला दिसतो, पण जरा मंद. अशा वेळी कपॅसिटरवरचा आकडा वाचा. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. १० मायक्रोफॅरडच्या जागी तो लागला तर एलईडी सेकंदाला शंभराच्या वर वेळा लुकलुकतो आणि डोळ्याला ते समजत नाही. खोलीतला दिवा बंद करून बोर्ड हातात धरा आणि झपकन आडवा हलवा. अखंड रेघ दिसली तर एलईडी खरंच सतत पेटलाय. तुटक ठिपके दिसले तर सर्किट उत्तम चाललंय, फक्त वेग चुकलाय.

रंगांची फसगत

१ किलोओहम तपकिरी-काळा-लाल, १० किलोओहम तपकिरी-काळा-नारिंगी. पिवळट दिव्याखाली लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात. पाच पट्ट्यांच्या निळ्या मेटल फिल्म रेझिस्टरमध्ये घोटाळा आणखी मोठा, कारण १ किलोओहमचे रंग (तपकिरी-काळा-काळा-तपकिरी-तपकिरी) उलट्या बाजूने वाचले तर तेच ११० ओहम होतात, आणि वाचताना काही चुकल्याची शंकाही येत नाही. रंग पाठ जरूर करा, पण लावण्याआधी मीटरवर मोजा. मोजायचा तो सुटा. सर्किटमध्ये बसलेला रेझिस्टर मोजला तर आजूबाजूचे भाग मध्ये येतात आणि आकडा कमी दिसतो. बॅटरी चालू असेल तर त्या आकड्याला काही अर्थच राहत नाही.

मीटरची आणखी एक चूक महागात पडते. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब अँपिअरच्या सॉकेटमध्ये तसाच राहतो आणि पुढचं माप म्हणून बॅटरीवर लावला जातो. हा सरळ शॉर्ट आहे. मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्ये असला तर मीटरमधला फ्यूज उडतो. व्होल्टेज बरोबर दाखवणारा मीटर करंट मात्र नेहमी शून्य दाखवत असेल, तर मागचं झाकण उघडून फ्यूज पाहा.

बॅटरी भरलेली दिसते, पण...

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी एलईडीपुरती ठीक आहे. रिले (विजेने चालणारा स्विच), मोटर, सर्व्हो (हव्या त्या कोनात फिरणारी मोटर) यांना लागणारा करंट तिला झेपत नाही, त्यातही स्वस्त कार्बन-झिंक प्रकाराला मुळीच नाही. सुटी मोजली की नऊच्या जवळ दाखवते, मोटर जोडली की कोसळते. म्हणून बॅटरी मोजायची ती सर्किट चालू असताना. जास्त करंट लागणार असेल तर चार पेन्सिल सेल घ्या, किंवा मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर, तोही बीआयएसची खूण असलेला. ५५५ साडेचार व्होल्टपासून चालतो, त्यामुळे ५ व्होल्ट पुरतात. तेव्हा पिन ६ वरचा झोका १.७ ते ३.३ च्या दरम्यान दिसेल आणि एलईडीचा रेझिस्टर १५० ओहमपर्यंत खाली आणावा लागेल.

एलईडी रेझिस्टरशिवाय ९ व्होल्टवर "क्षणभर लावून बघणं" बंद करा. तो लगेच नाही मेला तरी अधू होतो, आणि पुढे तासभर तुम्ही सर्किटमध्ये दोष शोधत बसता.

पुढच्या सर्किटांत हमखास होणारं

ट्रान्झिस्टरचे पाय अंदाजाने लावू नका. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. प्लास्टिकच्या २२२२ मध्ये हा क्रम उत्पादकानुसार बदलतो, आणि दुकानात "हे चालेल" म्हणून एकाच्या जागी दुसरा सर्रास दिला जातो. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एनपीएन प्रकारात लाल प्रोब ज्या पायावर ठेवल्यावर उरलेल्या दोन्ही पायांकडे ०.६ ते ०.७ दिसतं तो बेस. त्या दोनांपैकी ज्याचा आकडा किंचित जास्त, तो एमिटर. बीसी५४७ ची कमाल मर्यादा १०० मिलिअँपिअरची आहे, हे मोटर जोडण्याआधी आठवा. रिले जोडलात तर त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा, म्हणजे पांढरी पट्टी प्लसकडे, लावलाच पाहिजे. त्याच्याशिवाय सर्किट चालताना दिसतं, पण रिले सुटताना कॉइल दर वेळी मोठा व्होल्टेजचा झटका देते आणि एके दिवशी ट्रान्झिस्टर जातो.

अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात नेहमी दिसतो. तो संध्याकाळी फडफडत असेल तर सर्किटला हात लावू नका. दिव्याचाच उजेड एलडीआरवर (उजेड ओळखणाऱ्या रेझिस्टरवर) पडतोय: दिवा लागला की सेन्सरला दिवस वाटतो, दिवा विझतो, परत रात्र होते. एलडीआरभोवती काळ्या कागदाची छोटी नळी करून तिचं तोंड दिव्यापासून दूर फिरवलं की काम झालं.

आणि हात जवळ नेला की चालणारं सर्किट! पळत्या दिव्यांच्या खेळण्यातला सीडी४०१७, म्हणजे दर ठोक्याला पुढचा दिवा लावणारा सीमॉस प्रकारचा आयसी, हे हमखास करतो. सीमॉस आयसीची कुठलीही इनपुट पिन मोकळी सोडायची नसते, नाहीतर ती हवेतला वीजगोंधळ पकडते. ४०१७ मध्ये पिन १३ आणि १५ ग्राउंडला हव्यातच. त्यानंतरही दिवे मधलीच पायरी गाळून पुढे उडी मारत असतील तर ठोके देणाऱ्या ५५५ च्या पिन ८ आणि १ मध्ये, अगदी आयसीला चिकटून, एक १०४ चा कपॅसिटर लावा. साधा ५५५ आउटपुट बदलताना क्षणभर खूप करंट ओढतो, सप्लाय दचकतो, आणि ४०१७ त्यालाच नवा ठोका समजतो. आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर) बटण दाबलं नसतानाही दाबल्यासारखं वाटतं, त्यामागेही मोकळी पिनच असते. आर्डुइनो आणि बाहेरची बॅटरी वेगळी असेल तर दोघांचे ग्राउंड जोडलेत का, तेही बघा.

सोल्डरिंग आणि घरची वीज

सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून मग जोडावर नेऊन पुसणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी सवय. वाटेत फ्लक्स (धातू स्वच्छ करून सोल्डर चिकटवणारा पदार्थ) जळून जातो आणि जोड खरखरीत गोळ्यासारखा बसतो. आधी पॅड आणि पाय दोन्ही एकदम एक-दोन सेकंद तापवा आणि सोल्डरची तार त्या जोडाला लावा, आयर्नच्या टोकाला नाही. ६०/४० सोल्डरचा चांगला जोड चकचकीत आणि कडांना निमुळता उतरलेला दिसतो. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. नळकामाचं आम्लयुक्त फ्लक्स वापरू नका, ते तांब्याचे ट्रॅक खातं. फ्लक्सचा धूर श्वासात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवा, आणि या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवा.

२३० व्होल्टवरून फक्त एक कपॅसिटर टाकून एलईडी पेटवणारी बिनट्रान्सफॉर्मरची सर्किटं शिकण्यासाठी नाहीत. त्यांचा प्रत्येक भाग, ग्राउंड म्हणून दाखवलेली रेघसुद्धा, थेट मेन्सला जोडलेला असतो; प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक राहू शकतो. मुलं शिकत असतील तर हा विषय टेबलावर आणूच नका. पेन्सिल सेल आणि ५ व्होल्टचा चार्जर यांवर वर्षभर पुरतील इतकी सर्किटं आहेत.