कोकणच्या उतारावर डिस्क गोल्फ कसे खेळावे

युरोप-अमेरिकेतील अनेक स्की रिसॉर्टांत उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर, त्याच उतारांवर डिस्क गोल्फ, म्हणजे फ्रिसबीसारखी चकती (डिस्क) कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ, खेळले जाते. खेळाडू लिफ्टने माथ्यावर जातात आणि साखळ्या लावलेल्या बास्केटांत डिस्क टाकत खाली उतरतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण सड्यावरून, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरून, समुद्राकडे किंवा खाडीकडे उतरणाऱ्या मोकळ्या जागा आहेत, आणि उतारावर डिस्क जशी वागते तशीच ती इथेही वागते.

जागा निवडताना आधी जमीनमालकाची परवानगी घ्यावी. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, त्यामुळे दसरा-दिवाळीनंतर कातळ पूर्ण सुकल्यावरच खेळायला सुरुवात करावी. रत्नागिरी-राजापूर भागातील सड्यांवर कातळशिल्पे आहेत. त्यांच्या जवळपास बास्केट लावू नये, खांबासाठी खड्डा तर मुळीच खणू नये. चिरेखाणीच्या दिशेनेही फेक ठेवू नये.

खाली फेकलेली डिस्क सपाटीवरच्यापेक्षा जास्त वेळ हवेत राहते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकणाऱ्याची डिस्क वेग मंदावला की डावीकडे वळते आणि उतारावर तिला वळायला अधिक वेळ मिळतो, म्हणून नेम बास्केटच्या बराच उजवीकडे धरावा. नवशिके खेळाडू सवयीने डिस्क समोर, आडवी फेकतात; मग ती तरंगत राहते आणि कुठल्या कुठे जाते. खांदे उताराला समांतर झुकवून, डिस्कचा पुढचा काठ किंचित खाली ठेवून फेकावे. जोरापेक्षा इथे कोन महत्त्वाचा असल्यामुळे लांब पल्ल्याच्या ड्रायव्हर डिस्कऐवजी मध्यम पल्ल्याची मिडरेंज डिस्क पुष्कळदा पुरते. चढावर याच्या उलट होते: वेग लवकर संपतो आणि डिस्क लवकर डावीकडे पडते, म्हणून तिथे सुरुवातीला उजवीकडे कलणारी, हलकी डिस्क घ्यावी.

किनाऱ्यावर वाऱ्याचा विचार उताराइतकाच करावा लागतो. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, म्हणजे समुद्राच्या दिशेने फेकताना वारा पाठीशी असतो आणि डिस्क लवकर खाली बसते. दुपारी खारे वारे समोरून येतात. तेव्हा तीच डिस्क वर उचलली जाते आणि उजवीकडे उलटते. अशा वेळी जड, डावीकडे ठामपणे वळणारी डिस्क कमी उंचीवरून फेकावी. नव्याने शिकणाऱ्याने सकाळीच खेळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उतारावरचे खरे नुकसान मात्र डिस्क जमिनीला टेकल्यानंतर होते. काठावर पडलेली डिस्क चाकासारखी घरंगळत जाते. गुहागरजवळच्या एका सड्यावर माझी डिस्क बास्केटपासून दोन हातांवर पडली, काठावर उभी राहिली, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) खिंडारातून पलीकडे गेली आणि खालच्या कलमांच्या बागेत सापडली. गडगा ही आमची हद्द होती, म्हणून एक दंडाची फेकही मोजावी लागली. तेव्हापासून मी डिस्क सपाट टेकेल अशीच फेक निवडतो, मग ती थोडी आखूड पडली तरी चालते. गवतात गेलेली डिस्क शोधताना आधी काठीने गवत बाजूला करावे आणि दगडाखाली हात घालू नये, कारण या सड्यांवर फुरसे असते आणि त्याचा रंग मातीत मिसळून जातो.

बास्केटपासून 10 मीटरच्या आतून फेकल्यानंतर तोल सावरून दाखवावा लागतो. त्याआधीच, आधीची डिस्क जिथे पडली होती त्या जागेपुढे पाऊल पडले तर ती चूक ठरते. उतार आपल्याला पुढे ढकलत असल्याने पाय रुंद, आडवे ठेवावेत आणि वरच्या बाजूचा गुडघा वाकवावा. बास्केटमागे जमीन एकदम खाली जात असेल तर साखळीवर सरळ मारा करू नये. डिस्क थोडी वरून, हळुवार सोडावी, म्हणजे नेम हुकला तरी ती बास्केटच्या पायथ्याशीच सपाट बसते आणि पुढची फेक हातभर अंतरावरून करता येते.