तळ्यातला लाकडी धक्का पुन्हा बांधताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत तळ्याकाठी गळ टाकायला बांधलेले छोटे लाकडी धक्के साधारण एकाच पद्धतीने दुरुस्त होतात. उन्हाळ्यात एखादी फळी मोडते. सुतार येतो, वरूनच बघतो आणि म्हणतो, "दोन फळ्या बदलू की ओ मालक, मोळं मारलं की झालं." फळ्या बदलल्या जातात. दिवाळीला बघावं तर धक्का एका अंगाला कललेला. फळी मोडली ते लगेच दिसतं. खांब त्याआधीच गेलेला असतो, पण तो कुणी तपासलेला नसतो.

वरून बघून अंदाज करणं

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. खोल गाळात पुरलेल्या भागाला हवा मिळत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं टणक राहतो. वरचा भाग पावसाळा सोडला तर वाळून जातो. मधला पट्टा मात्र ओला होतो, सुकतो, पुन्हा ओला होतो, आणि खांब तिथेच मरतो. आपल्याकडची तळी ऑगस्टमध्ये काठोकाठ भरतात आणि एप्रिलपर्यंत तळाला जातात, त्यामुळे हा पट्टा वीतभर नसतो, चांगला पुरुषभर असू शकतो.

पाणी उतरल्यावर जाडसर स्क्रूड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक खांबाला चारही बाजूंनी, वरपासून गाळापर्यंत टोचत या. टणक लाकडात तो जेमतेम टोकापुरता शिरतो. बोटाच्या पेरापेक्षा जास्त आत गेला तर तो खांब काढायचा. वरून रंग छान दिसतोय, ठोकल्यावर आवाज बरा येतोय, यावर जाऊ नका. अर्ध्याहून जास्त खांब गेले असतील तर उरलेले वाचवण्यात अर्थ नाही, सगळंच उतरवा. जुना खांब उपटत नसेल तर तो तळाच्या पातळीच्या खाली कापा. पाण्याखाली बुंधा ठेवला तर त्यात गळ अडकतो, आणि पोहायला उतरलेल्या पोरांच्या पायात जातो.

चुकीच्या महिन्यात हात घालणं

काम मार्च-एप्रिलमध्ये उरकायचं. मे महिन्यात वळीव कधी येईल सांगता येत नाही, आणि एका वळवाने तळात चिखल झाला की खड्डा काढता येत नाही. मृगाच्या तोंडावर काम काढलं तर खांब गाळातच उभे राहतात. घाईत केलेलं सगळं काम त्या गाळावर टेकलेलं असतं.

गाळाला जमीन समजणं

जुन्या तळ्यात दोन-तीन फूट गाळ सहज असतो. तो खोलीत धरायचाच नाही. गाळ ओलांडून खाली मुरूम किंवा घट्ट जमीन लागेल तिथून पुढे निदान तीन फूट खांब गेला पाहिजे. खड्ड्याच्या तळाला सपाट दगड ठेवा, म्हणजे वजन आल्यावर खांब खाली बसत नाही.

इथे मातीचा फरक पडतो. खानापूरकडे तांबडी, जांभ्याची जमीन आहे, तिच्यात खांब शांत उभा राहतो. हुक्केरी, चिकोडी, अथणीकडे गेलात की काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्ड्यातून काढलेली तीच काळी माती खांबाभोवती परत भरली तर दोन वर्षांत खांब तिरका होणारच. तिथे मुरूम आणि खडी थराथराने घाला, प्रत्येक थर पहारीने ठेचा. काँक्रीट घालायचं असेल तर वरचा माथा खांबापासून बाहेर उतरता ठेवा. सपाट माथ्यावर पाणी साचतं आणि खांब नेमका तिथेच कुजतो.

पैसे कमी असतील तर माझं मत सरळ आहे: पाण्याखाली सिमेंटचे किंवा दगडी खांब वापरा, वरचा सांगाडा आणि फळ्या लाकडाच्या करा. दिसायला थोडं विजोड दिसेल, पण टिकेल.

उंची आजच्या पाण्यावरून ठरवणं

एप्रिलचं पाणी बघून उंची ठरवली की ऑगस्टमध्ये फळ्या पाण्याखाली जातात. उंची सांडव्यावरून ठरवा. पाणी भरतं ते सांडव्याच्या माथ्यापर्यंत, आणि जोराचा पाऊस असेल तर त्याहून थोडं वर. गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन सांडव्याच्या माथ्याची पातळी धक्क्याच्या खांबावर आणा, खूण करा, त्यावर दीड फूट सोडा. ऑगस्ट 2019 चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना दीड फूट जास्त वाटणार नाही.

लाकूड स्वस्तात उरकणं

सेंट्रिंगच्या जुन्या फळ्या हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा मोह. घराचा स्लॅब झाला, फळ्या पडून आहेत, मग लावा धक्क्याला. त्या बहुतेक आंब्याच्या किंवा तसल्याच हलक्या लाकडाच्या असतात, मोळ्यांनी चाळण झालेल्या. एक पावसाळा निघाला तर नशीब.

साग चांगला, पण गाभ्याचा. बांधावरच्या कोवळ्या सागात कडेचं पांढरं लाकूडच जास्त असतं आणि ते साध्या लाकडासारखंच कुजतं. सागाच्या नावावर पैसे मोजण्याआधी फळीची कापलेली बाजू बघा. मत्ती म्हणजे ऐन, किंदळ, जांभूळ ही लाकडंही ओलीला बरी. विहिरीच्या तळाला जांभूळ घालण्याची रीत काही उगाच नाही. निलगिरी सरळ आणि स्वस्त मिळते, पण सुकताना पिळते आणि चिरते, फळीसाठी तर नकोच. कोणताही गोल वासा घ्या, साल पूर्ण सोला. सालीखाली ओल राहते आणि किडा लागतो. लाकूड वखारीतून पावतीसकट घ्या. पासाशिवाय जंगलातून आलेला माल स्वस्त पडतो आणि पुढे महागात जातो.

मोळ्यांवर सगळा भार

ओल्या लाकडात साधा लोखंडी मोळा गंजतो, गंज फुगतो, भोवतीचं लाकूड काळं पडून मऊ होतं. खांब आणि आडवी तुळई यांच्या जोडाला मोळा नकोच. खांबाला खाच घेऊन तुळई तिच्यावर बसवा आणि चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचे, जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट दोन्हीकडे वायसर घालून आवळा. फळ्यांना स्क्रू. फळी सुकी असेल तर दोन फळ्यांत दोन सूत फट ठेवा, ओली असेल तर चिकटवूनच लावा, सुकताना फट आपोआप पडते.

धक्का हलत असेल तर बहुतेक वेळा दोष खांबांचा नसतो, कैची म्हणजे तिरक्या पट्ट्यांचा आधार मारलेला नसतो. चार खांबांचं टेबल तिरक्या पट्टीशिवाय हलणारच. लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे तिरक्या पट्ट्या मारा. फळीचं टोक वर उठलं असेल तर तोच स्क्रू पुन्हा आवळू नका, ते भोक सैल झालेलं असतं. बोटभर बाजूला नवं पाडा.

जळकं ऑइल

गॅरेजमधून फुकट मिळतं म्हणून लाकडाला जळकं ऑइल फासण्याची सवय जुनी आहे. गोठ्याच्या वाशाला काय लावायचं ते लावा, पण तळ्यात कटला, रोहू सोडलेत तिथे नको. तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो आणि त्यातलं विष माशांपर्यंत जातं. मोरचुदासारखी तांब्याची औषधंही माशांना घातक. फळ्यांना कडकडीत उन्हात सुकवून जवसाचं तेल द्या, कापलेल्या टोकांना दोनदा. ऑइलपेंट लावला तर पावसाळ्यात फळी घसरते, आणि आत ओल असेल तर ती आतच कोंडते. शेवाळ आलं तर तारेच्या ब्रशने घासा, ब्लीचिंग पावडर तळ्यात जाऊ देऊ नका.

बांधाला धक्का, कागदाला भोक

काठाकडचं टोक मातीच्या बांधात खोदून बसवू नका. त्या खड्ड्यातून पाणी झिरपायला लागतं आणि बांध कमजोर होतो. टोक बांधावर दगडांवर नुसतं टेकवा. तळं गावचं असेल तर पंचायतीला विचारा, आणि मासे धरायचा ठेका ज्याच्याकडे आहे त्यालाही.

प्लास्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यात खांब रोवायचाच नाही. एका भोकाने सगळं पाणी जातं. तिथे तरंगता धक्का करा. 200 लिटरचं बंद बॅरल पूर्ण बुडेपर्यंत सुमारे 190 किलो उचलतं, पण हिशोबात अर्धंच धरा. आठ फूट बाय सहा फुटांच्या धक्क्यावर तीन माणसं बसायची असतील तर हिशोबाने चार बॅरल पुरतात. मासा लागला की तिघंही एकाच कडेला धावतात, म्हणून सहा घाला आणि त्यातली चार कोपऱ्यांना. दोर काठावरच्या खुंटांना बांधा, पाणी उतरेल तसा सैल करता येईल एवढा लांब ठेवा. कागदाच्या उतारावर पाय ठरत नाही, पोहणाराही वर येऊ शकत नाही. म्हणून गाठी मारलेला एक जाड दोर काठावरून पाण्यात कायम सोडलेला असू द्या, आणि ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब धक्क्यावर बांधून ठेवा.