फुकटच्या लाकडाचे तडे

वखारीत शिसवाचा भाव ऐकला की लाकूड कातायचं यंत्र, म्हणजे माझा लेथ, विकून टाकावा वाटायचं. मग पेठेतल्या तालमीत आणि पलीकडच्या चर्चमध्ये सांगून ठेवलं, झाड पडलं तर हाक मारा. वळवात चर्चच्या आवारातला शिरीष मोडला. पाळकसाहेबांचा फोन, "घेऊन जावा, न्हाईतर चुलीत जाईल."

पहिला वाडगा आठवड्यात उकलला. चूक माझीच, घाई.

मग ओंडका मधोमध उभा चिरून गाभा काढून टाकला, टोकांना मेण फासलं. ओल्यातच वाडगा जाड कातला, 10 इंची व्यासाला 1 इंच जाडी. कातताना तोंडावर पाणी उडत होतं! कागदी पिशवीत भुशात पुरला. काही महिन्यांनी वजन उतरायचं थांबलं, तेव्हा पुन्हा कातला. वाकला होता, पण तडा नाही.

तो पाळकसाहेबांना दिला. तालीमवाले विचारतात, "आमचा कुठाय?"